घाईवर तिकीट लावा

"पंचेचाळीस मिनिटं. सव्वाबाराला बस सुटेल. कुणासाठी थांबणार नाही."

टूर मॅनेजरने माईकवर हे सांगितलं, तेव्हा बसमधून पहिला प्रश्न आला तो टॉयलेटचा. दुसरा, आज जेवण भारतीय आहे ना, याचा. तिसरा प्रश्न माझ्या आईने विचारला, पण माईक तिच्यापर्यंत पोचला नव्हता, त्यामुळे तो फक्त मलाच ऐकू आला. खिडकीतून नदीकाठच्या पवनचक्क्यांची रांग दिसत होती. ती म्हणाली, "अगं, पण या फिरतात कशासाठी?"

"दळायला," मी म्हटलं. पवनचक्कीत चक्की आहे म्हणजे दळणच असणार. एवढंच माझं ज्ञान.

गाव होतं झान्से स्खान्स, ॲमस्टरडॅमच्या जवळचं. मागच्या सीटवरच्या काकांनी तोवर त्याचं 'झाशी' करून टाकलं होतं. ते फार चुकलेही नव्हते म्हणा. स्खान्स म्हणजे तटबंदीचा मोर्चा, स्पॅनिश सैन्याशी डच लोक लढले त्या काळातला. पण हेही मला नंतर कळलं. त्या पाऊण तासात आम्ही चीजचे आठ प्रकार चाखले, लाकडी बूट कसे कोरतात त्याचं प्रात्यक्षिक पाहिलं, आई-बाबांना एका अवाढव्य लाकडी बुटात उभं करून फोटो काढला आणि टॉयलेटच्या रांगेत दहा मिनिटं घालवली. एकाही पवनचक्कीत पाय ठेवला नाही. बारा वाजून तेरा मिनिटांनी आम्ही बसमध्ये होतो. संध्याकाळी बाबांनी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "आज हॉलंड कव्हर केलं."

मला भांडायचं आहे ते या 'कव्हर'शी.

पुढच्या वर्षी मी मास्टर्ससाठी नेदरलंड्सला आले. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळची लोकल पकडली आणि पुन्हा तिथेच गेले, या वेळी एकटी. ॲमस्टरडॅमहून वीसेक मिनिटं, मग पंधरा मिनिटं चाल, मधे झान नदीवरचा पूल. पुलावर आलं की कोकोचा वास येतो. तो कुठल्या कॅफेतून येत नाही, आजूबाजूच्या कोको कारखान्यांतून येतो. हा पट्टा आजही कारखान्यांचाच आहे, आणि ही पहिली गोष्ट बसमधून कळत नाही, कारण बसच्या काचा बंद असतात.

मी पोचले तेव्हा वारा नव्हता. सगळ्या पवनचक्क्या ठप्प. लाकूड कापणाऱ्या गिरणीतल्या म्हाताऱ्या गिरणीवाल्याला विचारलं, कधी सुरू होणार? त्याने आभाळाकडे बोट केलं आणि परत आपल्या कामाला लागला. मग मी थांबले. डबा खाल्ला. पाती थांबवण्याचीही एक भाषा असते, हे त्यानेच नंतर सांगितलं: पातं सरळ उभ्या रेषेच्या जरा अलीकडे थांबवलं की आनंदाची खूण, रेषा ओलांडून जरा पुढे थांबवलं की दुःखाची. जुलै २०१४ मध्ये युक्रेनवर एमएच-१७ हे विमान पाडलं गेलं, त्यात जवळजवळ दोनशे डच माणसं गेली, तेव्हा देशभरातल्या कित्येक पवनचक्क्यांची पाती या दुःखाच्या कोनात उभी केली होती. २०१७ साली गिरणीवाल्यांच्या या कसबाला युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेही उगाच नाही.

साडेबाराच्या सुमारास वारा सुटला. पात्यांवरची शिडं सोडली गेली आणि आख्खी लाकडी इमारत हलायला लागली.

आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मिळालं. या पवनचक्क्यांना आपण गिरण्या म्हणू, पण पिठाच्या नव्हेत, कापडाच्या गिरण्या म्हणतो त्या अर्थाने. झानच्या काठाने अठराव्या शतकात अशा सुमारे ६०० गिरण्या होत्या. त्या लाकूड कापत, तेल काढत, रंग कुटत, कागदाचा लगदा करत. म्हणजे बसच्या खिडकीतून जे निवांत खेडं दिसतं, ते खरं तर युरोपातल्या सगळ्यात जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. 'दे झूकर' नावाच्या गिरणीत वाऱ्यावर चालणारा तेलाचा घाणा आहे. उभे दगडी चाक गोल फिरतात आणि खाली तेलबिया चिरडल्या जातात. 'दे काट', म्हणजे मांजर, या गिरणीत खडू आणि रंगद्रव्यं दळली जातात. वाऱ्यावर चालणारी रंगाची गिरणी आज जगात एवढी एकच उरली आहे.

आणि 'हेट योंगे स्खाप', कोकरू, ही ती लाकडाची गिरणी. बाहेर पाण्यात ओंडके तरंगत ठेवलेले. वाऱ्याच्याच जोरावर ते वर ओढले जातात. पात्यांचं गोल फिरणं एका वाकड्या दांड्यामुळे करवतींच्या वर-खाली होण्यात बदलतं, आणि एकेका चौकटीत अनेक करवती असल्याने एका ओंडक्यातून एकदम बऱ्याच फळ्या निघतात. ही युक्ती कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन नावाच्या शेतकऱ्याची. १५९३ साली त्याला तिचं पेटंट मिळालं. ॲमस्टरडॅममधल्या हाताने लाकूड कापणाऱ्यांच्या संघाने या यंत्राला विरोध केला, पोटावर पाय येणार हे त्यांना कळत होतं. मग गिरण्या शहराबाहेर, झानच्या काठी उभ्या राहिल्या. इथे कापलेल्या फळ्यांवर डच जहाजबांधणी वाढली. ती जहाजं किती भराभर बांधली जातात याचा इतका बोलबाला झाला, की १६९७ साली रशियाचा झार पीटर ते शिकायला झानडामला येऊन राहिला.

आता ही जहाजं कुठे गेली, ते वेगळं सांगायला नको. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ साली आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली, गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला आणि व्यापाराला. त्या वखारीचे अवशेष अजून उभे आहेत.

माझ्या आईचं माहेर कुडाळचं. वेंगुर्ल्याची डच वखार तिने शाळेच्या सहलीत पाहिलेली. आणि माझ्या आजोबांची कुडाळला सॉ मिल होती. ती भुशात खेळत, करवतीच्या आवाजात अभ्यास करत मोठी झाली. आख्ख्या युरोपच्या त्या दहा दिवसांत तिच्या ओळखीची, तिच्या आयुष्याला थेट भिडणारी एकच जागा होती. ती तिच्यापासून शंभर पावलांवर होती, आणि आम्ही तिला बुटात उभं केलं.

म्हणून घाई मला निरुपद्रवी वाटत नाही. घाईत फक्त 'डिटेल्स' राहून जातात असं लोक म्हणतात. तसं नाही, घाईत गोष्टच बदलते. पाऊण तासात कारखान्याचं खेडं होतं, श्रमाचं दृश्य होतं, आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचलेल्या व्यापाराचं चीज होतं. आपण अर्धं पाहून येत नाही, वेगळंच काहीतरी पाहून येतो.

इथवर वाचून काही जण खूश झाले असतील. "आम्ही तर टुरिस्ट नाहीच, आम्ही ट्रॅव्हलर." थांबा, आता तुमच्याशी भांडते.

स्वतःच्या गतीने फिरणं हा स्वभावाचा गुण असल्यासारखं तुम्ही बोलता. तो बहुतेक वेळा खिशाचा आणि पासपोर्टचा गुण असतो. मला त्या शनिवारी वाऱ्याची वाट बघता आली, कारण माझ्याकडे रहिवासी परवाना होता, विद्यार्थ्यांचं सवलतीचं तिकीट होतं, इंग्रजी होतं आणि चोवीस वर्षांचे गुडघे होते. आईकडे शेंगेन व्हिसासाठी जमवलेल्या कागदांची फाइल होती, आयुष्यभराच्या बचतीतला एक मोठा तुकडा होता, शाकाहारी पोट होतं आणि 'परत येणं होईल की नाही' ही धाकधूक होती. त्या बसने तिला युरोप दाखवला. टूर नसती तर तिने झान्से स्खान्स पाऊण तासही पाहिलं नसतं. पॅकेज टूरमधल्या मावशींच्या नऊवारीवर आणि थेपल्यांवर रील करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरातल्या कुणाला तरी तिथवर नेऊन दाखवावं. आणि हल्ली 'स्लो ट्रॅव्हल'सुद्धा विकायलाच ठेवलेलं असतं, फक्त त्याची किंमत जास्त असते.

याच मंडळींचा दुसरा आक्षेप असा, की झान्से स्खान्स नकली आहे. हो, ते मूळचं असंच वसलेलं गाव नाही. १९६१ पासून आसपासची जुनी हिरवी लाकडी घरं आणि गिरण्या इथे आणून पुन्हा उभारल्या गेल्या, कारण नवी वस्ती आणि कारखाने त्यांना गिळत होते. मी पाहिलेलं कोकरूही मूळचं नव्हे; १६८० ची गिरणी १९४२ मध्ये पाडली गेली आणि २००७ मध्ये पुन्हा बांधली. पण ती लाकूड कापते. खरं-खोटं मला तिच्या करवतीवरून ठरवायचं आहे, जन्मदाखल्यावरून नव्हे.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. गावात आजही माणसं राहतात, जेमतेम शंभरेक. आणि २०२४ मध्ये तिथे आलेले पर्यटक पंचवीस लाखांहून जास्त. लोक घराच्या खिडक्यांतून आत डोकावतात, कुणाच्याही परसात फोटो काढतात. २०२५ मध्ये नगरपालिकेकडून माणशी साडेसतरा युरो प्रवेशशुल्काचा प्रस्ताव आला; गर्दीला आळा आणि गिरण्यांच्या देखभालीला पैसा, ही त्यामागची दोन कारणं. गावात शिरायला तिकीट म्हणजे गावाचं म्युझियम करणं, असं म्हणून दुकानदारांनी आणि काही रहिवाशांनी विरोध केला.

मग कुणी विचारेल, पाऊण तासात हे हाल, तर प्रत्येक जण दिवसभर रेंगाळला तर काय होईल?

साधा हिशोब करू. सहलीचे दिवस तेवढेच राहणार. दहा दिवसांत बारा शहरांऐवजी चार शहरं पाहिली, तर एका ठिकाणी येणारे लोक तिपटीने कमी होतील आणि प्रत्येक जण तिपटीने जास्त थांबेल. कुठल्याही एका क्षणी गर्दी जवळपास तेवढीच. कमी होतील ते बसमधले तास. शिवाय सकाळी अकराला वीस बस एकदम रिकाम्या होणं थांबेल, आणि दिवसभर थांबणारा माणूस गिरणीचं तिकीट काढेल, तिथेच जेवेल, गिरणीवाल्याशी दोन शब्द बोलेल. पाऊण तासवाल्याला यातलं काही परवडतच नाही. त्याला चीज आणि टॉयलेट एवढंच परवडतं.

म्हणून शुल्काला माझा विरोध नाही. शिडाचं कापड आणि ओक लाकूड फुकट येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तिकीट माणसावर नको, घाईवर लावा. तासाभरात निघणाऱ्या बसला जबर पैसे मोजायला लावा आणि दिवसभर थांबणाऱ्याला सूट द्या. सरसकट साडेसतरा युरो घेतलेत, तर टूर कंपन्या एवढंच करतील: रस्त्यावर बस थांबवून लांबून पवनचक्की दाखवतील. पाऊण तासाची दहा मिनिटं होतील.

आणि आपल्या कंपन्यांना हे आपणच विचारायला हवं. 'पंधरा दिवसांत अकरा देश' अशी जाहिरात चालते, कारण आपण देश मोजतो. भाजी घेताना आपण पिशव्या मोजतो का? वजन विचारतो.

त्या दिवशी मी करवतींचा आवाज रेकॉर्ड करून आईला पाठवला. सोबत काहीच लिहिलं नाही. दोन मिनिटांत तिचा फोन आला.

"कुठली सॉ मिल गं ही? लाकूड ओलं आहे ना?"

लाकूड ओलं होतं. नुकतंच पाण्यातून वर आलं होतं. समोर उभं राहून मला ते डोळ्यांनी बघावं लागलं, तिने सात हजार किलोमीटरवरून कानाने ओळखलं. मी तिला सांगितलं, त्याच पवनचक्क्या, आपण गेलो होतो त्या. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी तिथे होते, आणि मला कुणी आत नेलं नाही."

तुमच्या घरात या सुट्टीला कुणी बुकिंग करत असेल, तर देश किती हे विचारू नका. बसमधून खाली किती तास, ते विचारा.