पाराच्या कट्ट्यावरून : शिकण्याचा खर्च आधी



आज जरा पैशाचा विषय काढतो. रागावू नका. देवळाच्या कळसाला आपल्या गावात वर्गणी जमते. जत्रेतल्या कुस्त्यांना जमते. नाला खोल करायचा ठरला तर जेसीबीच्या डिझेललाही जमते. पण कुणी म्हणालं, ‘गावातली पाच माणसं पाण्याचं शिक्षण घ्यायला पाठवू, त्याचा खर्च काढा’, की सगळे खाली मान घालून माती उकरीत बसतात. पाण्याचं आणि काय शिकायचं? पाऊस आला तर पाणी, नाही आला तर टँकर!

इथेच आपण चुकतो.

दुष्काळी पट्ट्यातलं हे चित्र तुम्हीही पाहिलं असेल. गावात बंधारा होतो. पहिल्याच पावसात तुडुंब भरतो. नारळ फुटतो, फोटो निघतात. विहिरींना पाणी चढतं. मग एकाची मोटर बसते, तिची बघून दुसऱ्याची. कुणी ऊस लावतो, कुणी नवं बोअर मारतो. फाल्गुन सरेपर्यंत बंधाऱ्यात भेगाळलेली माती उरते आणि घरच्या लक्ष्मीच्या डोक्यावर पुन्हा हंडा येतो. बंधाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. पाणी अडवणारे हात गावात होते, मोजणारे नव्हते.

मोजणं अवघड आहे का? मुळीच नाही. एका हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडलं. आपल्या गावाचं शिवार १,००० हेक्टर धरा आणि वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर. दुष्काळी भागातला हा पाऊस. तरी ते पाणी झालं ४०० कोटी लिटर! आता गावात २,००० माणसं आहेत आणि माणशी रोज ५५ लिटर लागतात असं धरा. वर्षाला लागतील साधारण ४ कोटी लिटर. म्हणजे शंभरातला एक भाग. मग उन्हाळ्यात टँकर का येतो? कारण बाकीच्या पाण्याचा हिशोबच कुणी ठेवत नाही. किती वाहून गेलं, किती उन्हाने उडालं, किती मुरलं, किती पिकाने प्यालं, हे ठाऊक नसेल तर आहे तेवढं उपसलं जाणारच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलं आहे. तिथे चर खोदले, झाडं लावली, हे सगळे सांगतात. पण त्या गावाची खरी कमाई दुसरीच आहे. पाऊस किती झाला ते पाहून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरेल त्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर मारायचं नाही, ऊस लावायचा नाही, हे गावाने स्वतःच ठरवलं. ही शिस्त काही जेसीबीने खोदून निघत नाही. ती शिकावी लागते.

म्हणून शिकण्याचा खर्च आधी. १९९० नंतरच्या दशकात जर्मनीच्या मदतीने आपल्या राज्यात पाणलोट विकासाचा मोठा कार्यक्रम झाला. त्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी होती. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं. मग शिवाराच्या छोट्या तुकड्यावर काम करता करता शिकायचं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. एवढं जमलं तरच मोठ्या कामाचा पैसा. पुढे २०१६ साली पानी फाउंडेशनची स्पर्धा वरूड, आंबेजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली, तेव्हाही फावडं हाती घेण्याआधी गावातल्या पाच जणांचं प्रशिक्षण होतं.

आता तुम्ही म्हणाल, असं शिक्षण फुकट मिळत असेल तर वर्गणी कशाला? फी नसली तरी खर्च असतोच. मजुरीवर जाणारा गडी चार दिवस शिबिराला गेला तर त्याची चूल कशी पेटायची? घरातली बाई गेली तर धारा कोण काढणार, पोरांचं कोण बघणार? म्हणून होतं काय, ज्याच्याकडे मोटारसायकल आहे आणि ज्याचा दिवस मोकळा आहे, तोच शिकून येतो. हंडा वाहणारी मात्र घरीच राहते, आणि पाण्याची किंमत तर तिलाच सगळ्यांत जास्त कळते.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. गावात पाणी-शिक्षणाचा वेगळा पैसा ठेवा. २०० घरांनी ५० रुपये काढले तर १०,००० होतात. त्यातून शिकायला जाणाऱ्या मजुराची बुडालेली रोजी भरून द्या आणि एस.टी.चं भाडं द्या. पाचांत दोन तरी बायका असू द्या, एक भूमिहीन असू द्या. बाई गेली तर तिच्या गोठ्याची पाळी शेजारणींनी वाटून घ्यावी. उरल्या पैशात शाळेत पर्जन्यमापक बसवा. तोवर सरळ काठाचा डबा उघड्यावर, झाडा-भिंतीपासून लांब ठेवला तरी चालेल. रोज सकाळी साडेआठला पोरांनी पट्टीने पाणी मोजावं आणि पारावरच्या फळ्यावर लिहावं. गावातल्या पाच-सहा विहिरी ठरवून दर महिन्याला दोरीने पाण्याची खोली मोजा, तीही फळ्यावर मांडा. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं कार्यालय असतं, तिथल्या जाणकारांना वर्षातून एकदा तरी गावात बोलवा.

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही या खर्चाची ओळ घालायला लावा. तो आराखडा ग्रामसभेपुढे येतो, तिथे बायाबापड्यांनी उठून मागणी करावी. मात्र सगळं सरकारवर टाकू नका. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने मिळत नसे, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळे आणि भूमिहीनालाही त्यात वाटा होता. तरीही योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी भरायचा असा नियम होता. ज्यात आपला घामाचा पैसा असतो, त्यावर आपला डोळा राहतो.

वर्गणीचा हिशोबही त्याच फळ्यावर लिहा. एकाच्या खिशात पैसा राहिला की गाव फुटतं, आणि फुटलेल्या गावाचं पाणी कोणता बंधारा अडवणार?

तहान लागल्यावर विहीर खणायची आपली जुनी खोड. येत्या ग्रामसभेत ती मोडा. आणि मंडळी, पहिली पन्नासाची नोट आपली स्वतःची ठेवा.