शंभरपैकी शंभर

मावशीच्या तिसऱ्या केमोच्या दिवशी हातात एक फॉर्म आला. क्यूएलक्यू-सी३०. युरोपातल्या संशोधकांनी बनवलेला, मराठीतही मिळतो. एकूण ३० प्रश्न, त्यातले मनाबद्दलचे चार: गेल्या आठवड्यात तणाव, काळजी, चिडचिड, उदास वाटणं. उत्तरं 'अजिबात नाही' पासून 'खूप' पर्यंत.

मावशीचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून मी वाचत होतो. शेजारी काका. त्यांच्याकडे बघत ती चारही वेळा म्हणाली, "अजिबात नाही." ० ते १०० च्या पट्टीवर पूर्ण १००!

रात्री स्वयंपाकघरात मला म्हणाली, "भीती वाटते रे फार. यांच्यासमोर बोलायची सोय नाही."

आता, फॉर्म निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. हे लोक विचार करून प्रश्न काढतात. १९८३ च्या 'हॅड्स' प्रश्नावलीत १४ प्रश्न आहेत, पण थकवा, डोकेदुखी मुद्दाम वगळलीये. का, तर ती आजारानेही येतात. पण इनपुटच चुकलं तर पुढचं गणित कितीही बरोबर असून काय उपयोग? घरच्यांसमोर दिलेलं उत्तर घरच्यांसाठीच असतं.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, की फॉर्म भरताना नातेवाइकांना बाहेर काढा. वाचून दाखवायचं तर सिस्टरनी दाखवावं.

पुढच्या वेळी मी काकांना घेऊन कँटीनमध्ये गेलो. मावशीने काय उत्तरं दिली माहीत नाही, विचारलंही नाही. परत आलो तेव्हा फॉर्म बाजूला पडला होता आणि सिस्टर तिचा हात धरून बसली होती.