प्रवास न्यायालयाने करावा, पक्षकाराने नव्हे

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची चार दशकांहून जुनी मागणी मार्गी लागली. तोवर मिरजेच्या पक्षकाराची हायकोर्टाची वाट ठरलेली होती. रात्री मिरज जंक्शनवर महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, पावणेपाचशे किलोमीटर कापून सकाळी सीएसएमटीला उतरायचे, कुठेतरी तोंड धुऊन फोर्टातल्या वकिलाचे चेंबर गाठायचे. मॅटर बोर्डावर साठाव्या क्रमांकावर असेल, तर संध्याकाळी ‘आज नंबर लागला नाही’ एवढे ऐकून त्याच गाडीने परत फिरायचे. बांधाच्या आणि वाटणीच्या भांडणात जमिनीच्या किमतीतला किती हिस्सा अशा खेपांनी खाल्ला, याचा हिशेब निकालपत्रात येत नाही. आता हेच अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आले आहे. पण या बदलाकडे केवळ एका प्रदेशाची सोय म्हणून पाहणे अपुरे आहे. न्यायासाठी प्रवास कोणी करायचा, हा कायद्याच्या गाभ्याचाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘न्यायालयाने’ असेच असायला हवे.

हे उत्तर नवे नाही. इंग्लंडात बाराव्या शतकापासून राजाचे न्यायाधीश गावोगावी फिरत, वकील त्यांच्या मागोमाग जात. १९७१ च्या कायद्याने ती जुनी पद्धत बंद होईपर्यंत आठशे वर्षे हे चालले. आपल्याकडे वतनाचे तंटे गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांसमक्ष चालत आणि निवाड्याचा महजर तिथेच लिहिला जाई. शेताची शीव ज्याला ठाऊक, तोच साक्षीला. पुढे संस्थानी काळात कोल्हापूरला स्वतःचे हायकोर्ट होते. १९४८-४९ मध्ये मिरज, सांगली, कोल्हापूर ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, लोकशाही आली, हक्क वाढले. पण वरच्या न्यायालयाचे दार मात्र घाट उतरून मुंबईला गेले. राज्यघटनेत १९७६ साली ३९-अ हे कलम आले आणि आर्थिक किंवा अन्य अडचणीमुळे कोणी न्यायाला मुकू नये, ही जबाबदारी राज्यावर आली. रेल्वेचे भाडे, दोन दिवसांची बुडालेली मजुरी, मुंबईतले जेवणखाण ही अडचण नव्हे तर काय?

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे: अंतरामुळेच तर निःपक्षपातीपणा येतो. स्थानिक हितसंबंध, ओळखीपाळखी, जातीपातीचे ताण यांपासून न्यायालय दूर असलेलेच बरे. याला इतिहासाचा आधारही आहे. इब्राहिम आदिलशहाच्या काळात कऱ्हाडजवळच्या मसूरच्या पाटीलकीचा तंटा स्थानिक सभेत आपल्याविरुद्ध गेल्यावर बापाजी मुसलमान याने धर्मामुळे आपल्यावर अन्याय झाल्याची तक्रार केली आणि पैठणचे थळ, म्हणजे निवाड्याचे ठिकाण, मागून घेतले. ते त्याला मिळाले. तिथेही निकाल विरुद्ध गेला, ही गोष्ट वेगळी. पण या प्रकरणातला मुद्दा नीट पाहिला पाहिजे. लांबचे थळ पक्षकाराने स्वतः मागितले होते, कोणी त्याच्यावर लादले नव्हते. शिवाय सर्किट बेंचवर बसणारे न्यायमूर्ती मुख्य न्यायमूर्ती नेमून देतात आणि त्या नेमणुका बदलत राहतात. म्हणजे न्यायाधीशाचे स्थानिक गुंत्यापासूनचे अंतर कायम राहते, फक्त पक्षकाराचे न्यायापासूनचे अंतर मिटते.

दुसरा आक्षेप असा की, निष्णात वकील आणि कायद्याची परंपरा मुंबईत आहे. बेंचेस वाढवली तर दर्जा पातळ होईल. मिरजेच्या वाचकाला तरी हे पटू नये. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केले तेव्हा मिरज ही काही राजधानी नव्हती, एका छोट्या संस्थानाचे गाव होते. संस्था आधी आली, मग तिच्याभोवती शल्यविशारद घडले, दवाखाने वाढले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आज कर्नाटकातले रुग्ण मिरजेला उतरतात. कौशल्य संस्थेच्या पाठोपाठ येते. कौशल्य नाही म्हणून संस्था नाकारली, तर ते कधीच येत नाही. छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठही १९८१ मध्ये असेच सुरू झाले, आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, टिकले, आणि १९८४ मध्ये कायम झाले.

तिसरे म्हणणे आजच्या काळाचे: व्हिडिओ सुनावणी आणि ई-फायलिंग असताना इमारती कशाला? पडद्यावर वकील हजर होतो हे खरे, पण पक्षकाराने वकील निवडायचा, त्याच्यासमोर कागद मांडायचे आणि वकीलपत्रावर सही करताना खटल्याचे खरेखोटे विचारायचे, हे काम पडद्यावर भागत नाही. उलट ही सोय बेंचच्याच बाजूची आहे. अवघड मुद्द्यावर मुंबईचा ज्येष्ठ वकील आता मुंबईतूनच कोल्हापूरच्या बेंचपुढे उभा राहू शकतो.

एक टीका मात्र मान्य करायला हवी. या मागणीसाठी वकील संघटनांनी आंदोलने केली आणि त्यांत व्यवसायाचे हित होतेच. ते गैर नाही. पण पक्षकाराचा प्रवास वाचला आणि तारखा तेवढ्याच पडल्या, तर फायदा फक्त वकिलांचा होईल. मुंबईच्या चार खेपांऐवजी कोल्हापूरच्या वीस खेपा, हा न्याय नव्हे. म्हणून दोन गोष्टी लागोपाठ व्हायला हव्यात. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१ मध्ये सर्किट आणि कायम खंडपीठ या दोन्हींची तरतूद आहे, तेव्हा कोल्हापूरचे बेंच कायम करावे. आणि बोर्डावर चालतील तेवढीच प्रकरणे लावून, त्यांची वेळ पक्षकाराला आदल्या दिवशी कळवावी. पहिल्या कामाला राष्ट्रपतींचा आदेश लागेल. दुसऱ्याला फक्त पक्षकाराच्या दिवसाची किंमत न्यायालयाच्या दिवसाइतकीच आहे, हे मान्य करावे लागेल.