स्मरण हाच निर्धाराचा पाया

‘२६/११चे स्मरण आता पुरे’ हे वाचकपत्र वाचले. नुसत्या मेणबत्त्यांनी सुरक्षा येत नाही, हे मान्य. पण विसरण्याने तर मुळीच येत नाही. २००८च्या त्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेल्यावर महिनाभरात संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा मंजूर केला. पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन जिवंत पकडून दिलेल्या हल्लेखोर कसाबला वकील देऊन रीतसर खटला चालला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. हल्ल्याच्या कटातील आरोपी तहव्वूर राणाला २०२५मध्ये भारतात आणले गेले, तेही हा विषय देशाने सोडला नाही म्हणूनच.

दहशतवाद्यांना आपल्यात फूट हवी होती. मुंबईतील मुस्लिम संस्थांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारून त्यांना चोख उत्तर दिले. आम्हा भिवंडीकरांना या एकीचे मोल ठाऊक आहे. १९८४च्या दंगलीत होरपळलेले हे शहर तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्यांमुळे १९९२-९३मध्ये शांत राहिले. म्हणून २६ नोव्हेंबरला, संविधान दिनीच, भिवंडीतील शाळांनी आणि मोहल्ल्यांनी शहिदांना एकत्र अभिवादन करावे, ही विनंती.

– एक वाचक, भिवंडी