पाच रुपयांचा परवाना

उद्या 31 डिसेंबर. नागपुरात धरमपेठ, सदरमधल्या बारवर रोषणाईच्या माळा चढल्या आहेत आणि दारूच्या दुकानांत एकदिवसीय परवान्यांचे गठ्ठे येऊन पडले आहेत. विदेशी मद्यासाठी 5 रुपये, देशीसाठी 2. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे तो असा, कागदी. बिअरला वयाची 21 वर्षे पूर्ण हवीत, कडक मद्याला 25. म्हणजे कॉलेजातल्या बहुतेक मुली या चिठोऱ्यालाही पात्र नाहीत. मुलगेही नाहीत म्हणा, पण त्यांना कोण विचारतो?

पार्टीत एखादीवर हात टाकला गेला, तर तिला आधी हेच आठवते. आपले वय, आपला पेला, बंद झालेले वसतिगृहाचे फाटक, घरी जाणारा फोन. मग मैत्रिणी तिला अंघोळ करायला लावतात, कपडे भिजत घालतात, तोंडाचा वास जावा म्हणून बडीशेप देतात. वासाबरोबर पुरावाही जातो. पेयात कुणी काही मिसळले असेल, तर रक्ता-लघवीतला त्याचा माग काही तासांत, फार तर काही दिवसांत पुसट होतो. ती तक्रारीला धजावते तोवर मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही. आणि वस्तीत एकच वाक्य फिरते : ‘पोट्टी प्यायली होती म्हणे.’

दारू आणि अत्याचार यांचे नाते खोटे नाही. अमेरिकी विद्यापीठांत गेली चार दशके यावर संशोधन चालू आहे. विद्यार्थिनींवरच्या लैंगिक हल्ल्यांपैकी निदान निम्म्यांत दारू आढळते, आणि पुष्कळदा ती हल्लेखोरानेही घेतलेली असते. नशेत धोका उशिरा कळतो, पाय उचलत नाही. हे मुलींना सांगायलाच हवे. पण आपल्याकडचा हिशेब बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पिणाऱ्या स्त्रिया 1 टक्क्याच्या आसपास, पुरुष 19 च्या. नवरा वारंवार झिंगत असेल तिथे 70 टक्के बायकांनी मारहाण वा लैंगिक जबरदस्ती सोसलेली; न पिणाऱ्यांच्या घरी 23. या मारहाणीतला पेला कुणाच्या हातात होता, हे वेगळे सांगायला नको.

नशेचा दोष बाईवर टाकता येत नाही, हे कायद्याला उशिरा उमगले, तेही विदर्भामुळे. 1972 मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या मुलीवरच्या बलात्काराचे प्रकरण घडले. आरोपी पोलिसांपैकी एक दारूच्या नशेत होता, असे फिर्यादी पक्षाचेच म्हणणे होते. तरी न्यायालयात चर्चा झाली ती तिच्या चारित्र्याची. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराची व्याख्या बदलली. नशेमुळे स्त्रीला आपण कशाला होकार देतोय हे समजत नसेल, तर तो होकार नव्हेच, हे कलम तेव्हाचे. आज ते भारतीय न्याय संहितेतही आहे. उलट, स्वतःहून प्यायलेल्या पुरुषाला ‘शुद्ध नव्हती’ ही सबब कायदा देत नाही.

शहरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या फळ्यावर खडूने लिहिले आहे : ‘31 तारखेस फाटक सायंकाळी 7 ला बंद.’ मुलांच्या वसतिगृहाच्या फळ्यावर मेसच्या थकबाकीची यादी आहे.