मदतीचे ट्रक परतल्यावर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपापेक्षा जीव घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि जड माळवदांनी. धान्य-कपड्यांचे ट्रक आले, रिकामे होऊन परतले. उरली ती मुले. शांतिलाल मुथ्था यांनी त्यांतील १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. ज्ञान प्रबोधिनीने हराळीसारख्या आडगावी शाळाच उभारली. दुसरे काम अधिक कठीण, कारण तेथे कार्यकर्त्याला वर्षानुवर्षे मुक्काम ठोकावा लागतो. छायाचित्रकार तर केव्हाच निघून गेलेले असतात! मदतनिधी गोळा करणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्यातील निश्चित वाटा पहिल्या दिवशीच शिक्षकासाठी राखून ठेवावा. गवंड्यांना भूकंपरोधक बांधकाम शिकवणाराही त्यात धरावा.