मोतीचे दात आणि आजींची गोळी

रक्तदाब तपासून झाल्यावर पनवेलच्या एका आजींनी दारातूनच विचारले, “डॉक्टर, आमच्या मोतीच्या तोंडाला घाण वास येतो, दोन दिवस भाकरीला तोंड लावत नाही. माझीच गुडघ्याची गोळी अर्धी करून देऊ का? दात साफ करण्याचा खर्च पेन्शनीत कुठला बसायला!”

वाचकहो, मी पशुवैद्य नव्हे. तरीही उत्तर ठाम नकाराचेच आहे. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल ही आपली नित्याची औषधे कुत्र्याच्या जठरास, मूत्रपिंडास वा यकृतास घातक ठरू शकतात.

खर्चाचे कारण समजून घ्यावे. आपण दंतवैद्यापुढे आ करून बसतो. कुत्रा बसत नाही. त्याचे ४२ दात हिरडीखालपर्यंत स्वच्छ करावयाचे तर पूर्ण भूल द्यावी लागते, त्याआधी रक्त तपासावे लागते. भूल न देता वरवर खरवडणे स्वस्त पडते. परंतु खरा रोग हिरडीखाली तसाच राहतो. खर्चाचा अंदाज आधी लेखी मागावा, संकोच नको. परळला १८८६ पासूनचे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथेही चौकशी करावी.

दात निरोगी असतानाच मऊ ब्रशने रोज घासण्याची सवय लावावी. पेस्ट मात्र कुत्र्यांसाठीचीच हवी. मधुमेही मंडळींच्या साखरविरहित च्युइंगमात पुष्कळदा झायलिटॉल असते. ते पोटात गेल्यास कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने उतरते. डबी उंचावर ठेवावी.

आजींनी गोळी पर्समध्ये परत टाकली आणि पशुवैद्याचा पत्ता लिहून घेतला.